झोनचा परिणाम किमतीत शोधताना आपलं काय सुटतं? नाशिकच्या निमित्ताने

पेट झाली, आता मुलाखतीसाठी संशोधन आराखडा लिहायचा आहे आणि विषय शहराशी संबंधित आहे, असं सांगणारे बरेच जण मला मेल करतात. त्यांच्या आराखड्यात एक वाक्य हमखास असतं: ‘भूवापर विभागांचा मालमत्तेच्या किमतीवर होणारा परिणाम अभ्यासणे.’ त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. माझ्याही पहिल्या आराखड्यात हेच वाक्य होतं. एका बाजूला प्रति चौरस मीटर किंमत, दुसऱ्या बाजूला झोन, रस्त्याची रुंदी, शाळेपासूनचं अंतर वगैरे. मग रिग्रेशन लावायचं आणि झोनसमोरचा आकडा वाचायचा. झालं संशोधन.

मार्गदर्शक बाईंनी तो कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला. “ज्या जमिनी विकल्याच गेल्या नाहीत, त्या तुझ्या टेबलमध्ये कुठं आहेत?”

आजची पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे. या विषयात सगळे जण ज्यांचा आधार घेतात असे दोन शोधनिबंध मी समोर ठेवणार आहे आणि नाशिकमध्ये आणल्यावर ते कुठे अडखळतात ते पाहणार आहे. दोन्ही चांगले आहेत, वाचायलाच हवेत. पण ते ज्या बाजाराची कल्पना करतात तो बाजार आणि आपल्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दिसणारा बाजार यांत बरंच अंतर आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

महाराष्ट्रात हा सगळा कारभार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली चालतो. नाशिक महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. शहराचा विकास आराखडा १९९३ मध्ये मंजूर झाला आणि त्यानंतरचा सुधारित आराखडा थेट २०१७ मध्ये. मधे एक प्रारूप आराखडा इतक्या विरोधात सापडला की तो बाजूला ठेवून नव्याने काम करावं लागलं. २०१७ मध्ये शहराची स्वतंत्र नियमावली आली. डिसेंबर २०२० मध्ये तिची जागा मुंबई व काही भाग वगळता राज्यभर लागू झालेल्या एकत्रित नियमावलीने घेतली.

आराखड्यात जमिनीला रंग असतो. बोलीभाषेत पिवळा पट्टा म्हणजे निवासी आणि हिरवा पट्टा म्हणजे शेती किंवा ना-विकास. त्यावर आरक्षणं असतात: शाळा, उद्यान, रस्ता, दवाखाना. जमीन घेणारा माणूस सातबारा पाहतो, वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो आणि (शहाणा असेल तर) नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढतो. सातबारा जमीन कोणाची ते सांगतो, झोन दाखला तिचं काय करता येईल ते सांगतो. दोन्ही कागद वेगवेगळ्या खात्यांतून येतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

पहिला निबंध: रोझेन, १९७४

शेर्विन रोझेन यांचा १९७४ चा निबंध म्हणजे हेडॉनिक पद्धतीचा पाया. कल्पना साधी आणि सुंदर आहे. घर ही एक वस्तू नसून गुणांची मोळी आहे: खोल्या, मजला, रस्ता, परिसर. बाजारात आपण पूर्ण मोळीची किंमत देतो. अनेक मोळ्यांच्या किमती ताडून पाहिल्या की एकेका गुणाची छुपी किंमत काढता येते. झोन हाही मग एक गुण. पिवळ्यातल्या आणि हिरव्यातल्या जमिनीचा फरक काढला की झोनची किंमत मिळाली.

या निबंधाच्या शीर्षकातच ‘शुद्ध स्पर्धा’ हे शब्द आहेत. ते आपण वाचतो आणि पुढे जातो. थांबून वाचलं तर त्यात तीन अटी दडलेल्या दिसतात. एक, कुणीही कुणाकडूनही विकत घेऊ शकतो. दोन, घेणाऱ्याला गुण माहीत असतात. तीन, नोंदवलेली किंमत ही त्या दोघांत ठरलेली किंमत असते. नाशिकमध्ये या तिन्ही अटी झोनमुळेच मोडतात. गंमत बघा, ज्या गोष्टीचा परिणाम मोजायचा तीच गोष्ट मोजपट्टी वाकवते आहे.

तिसऱ्या अटीपासून सुरुवात करू, कारण ती तपासायला सर्वांत सोपी आहे.

नोंदवलेली किंमत आणि रेडी रेकनर

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून इंडेक्स टू काढलेला असेल तर तुम्ही पाहिलं असेल की त्यात दोन वेगळे रकाने असतात, ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली रक्कम. बाजारभाव म्हणजे वार्षिक दर तक्त्यानुसार, म्हणजेच रेडी रेकनरनुसार काढलेलं मूल्य. मुद्रांक शुल्क या दोहोंत जे जास्त असेल त्यावर लागतं. शिवाय दस्तातली रक्कम सरकारी मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी असेल तर प्राप्तिकर कायदाही सरकारी मूल्यच धरतो. म्हणजे रेकनरच्या बरंच खाली रक्कम लिहिण्यात दोघांचाही फायदा नाही. आणि खरी किंमत वर असली तरी दस्तात रक्कम रेकनरच्या आसपास ठेवण्याचा मोह का होतो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. रेडी रेकनरचे दर कशावर ठरतात? शेतीचा दर वेगळा, बिनशेतीचा वेगळा, निवासी विभागाचा वेगळा. म्हणजे झोन आधीच तक्त्यात शिरलेला आहे. तुम्ही दस्तांतल्या किमती घेऊन ‘पिवळ्या पट्ट्यात किंमत इतकी जास्त’ असा निष्कर्ष काढलात, तर त्यातला काही भाग बाजाराचा आवाज असेल आणि काही भाग सरकारी तक्त्याचा प्रतिध्वनी. कुठला किती, हे रिग्रेशन सांगत नाही.

हे तपासायला भारी सॉफ्टवेअर लागत नाही. शंभर-दोनशे दस्त घ्या, प्रत्येकात मोबदल्याला बाजारभावाने भागा आणि आलेख काढा. एकच्या आसपास मोठा ढीग दिसला तर समजा की तुमच्या किमतींवर तक्त्याची सावली आहे. हा आलेख आराखड्यात असेल तर मुलाखतीतला पहिला प्रश्न तुम्ही आधीच सोडवलेला असेल. आणखी एक अडचण: इंडेक्स टू मध्ये गट नंबर असतो, क्षेत्र असतं, पण झोन नसतो. तो तुम्हाला आराखड्याच्या नकाशावरून एकेका गटाला स्वतः जोडावा लागतो. नाशिकमध्ये हे काम किती वेळ खातं त्यावर वेगळी पोस्ट होईल.

घेणारा कोण, हेही झोन ठरवतो

पहिली अट होती की कुणीही विकत घेऊ शकतो. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने त्यात सूट आली: प्रादेशिक योजनेत जी जमीन निवासी, वाणिज्य, औद्योगिक अशा बिनशेती वापरासाठी दाखवली आहे तिला ही अडचण राहिली नाही. तुकडेबंदीच्या कायद्यातही तशीच सूट आली. म्हणजे महापालिका हद्दीबाहेर, नाशिक तालुक्यातल्या एखाद्या गावात योजनेच्या नकाशावरची रेषा दोन गटांच्या मधून गेली असेल तर काय होतं बघा.

रेषेच्या एका बाजूची जमीन नाशिकमधला शिक्षक, आखातातून परतलेला फिटर, मुंबईतला डॉक्टर, कुणीही घेऊ शकतो आणि लहान प्लॉट पाडून विकता येतो. दुसऱ्या बाजूची जमीन फक्त शेतकरी घेऊ शकतो, आणि तीही प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यात नाही. मातीत फरक नाही, विहीर कदाचित एकच आहे. फरक आहे तो दारात उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकांत.

अलीकडे हद्दीवरची तुलना ही पद्धत विद्यार्थ्यांत फार लोकप्रिय आहे. रेषेच्या दोन्ही बाजूंची अगदी जवळची घरं घ्यायची, बाकी सगळं सारखं मानायचं आणि उरलेला फरक झोनचा म्हणायचा. इथे मात्र बाकी सगळं सारखं नाही. रेषा ओलांडली की बांधकामाची मुभा बदलते, घेणारा बदलतो, किमान तुकडा बदलतो, रेकनरचा दर बदलतो. चार कायदे एकाच रेषेवर उभे आहेत. आलेला आकडा खरा असेल, पण तो चौघांचा मिळून आहे. ‘बांधकामाच्या मुभेची किंमत’ असं नाव त्याला द्याल तर चूक होईल.

ग्राहकाला काय माहीत असतं: कपाटांची गोष्ट

दुसरी अट, माहितीची. नाशिककरांना ‘कपाट प्रश्न’ सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी थोडक्यात.

इमारतीच्या भिंतीबाहेर कपाटासाठी काढलेली ठरावीक जागा जुन्या नियमांत चटई क्षेत्रात धरली जात नव्हती. अनेक इमारतींत ती जागा सरळ खोलीत मिसळली गेली. खोली मोठी झाली, फ्लॅट विकला गेला. २०१४ नंतरच्या काळात महापालिकेने हे क्षेत्र मोजायला सुरुवात केली आणि शहरभर इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडले. ग्राहकाने पैसे भरलेले, कर्जाचे हप्ते सुरू, आणि हातात दाखला नाही.

२०१७ च्या नियमावलीने जादा चटई क्षेत्र विकत घेऊन हे नियमित करण्याची वाट काढली. पण ती वाट रस्त्याच्या रुंदीपाशी अडली. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नाही. नाशिकच्या जुन्या लेआउटमध्ये ६ आणि साडेसात मीटरचे रस्ते पुष्कळ. मग उपाय निघाला की दोन्ही बाजूंच्या प्लॉटधारकांनी समोरची जागा सोडावी आणि महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्ता ९ मीटरचा करावा. त्यावरही वर्षानुवर्षं वाद चालला. दरम्यान राज्य सरकारचं प्रशमन धोरण आलं, म्हणजे शुल्क भरून काही बांधकामं नियमित करण्याची सोय.

आता रोझेनकडे परत या. फ्लॅट घेतला त्या दिवशी करारनाम्यात लिहिलेल्या किमतीत हा धोका होता का? ग्राहकाला तो माहीतच नव्हता, तर किमतीत कसा असेल? नुकसान नंतर झालं: पुनर्विक्री करताना बँक पूर्णत्वाचा दाखला मागते तेव्हा. कर्ज घेणारे गिऱ्हाईक गळतात, रोख देणारे उरतात आणि ते भाव पाडून मागतात. अनेक घरं विकायलाच निघत नाहीत. म्हणजे झोन नियमांचा तडाखा किमतीच्या रकान्यात एक तर फार उशिरा दिसतो किंवा दिसतच नाही. पहिल्या विक्रीचा डेटा घेऊन तुम्ही ‘परिणाम नगण्य’ असं लिहाल, आणि त्या इमारतीतल्या माणसाने ते वाचलं तर तो तुम्हाला चहालाही बोलावणार नाही.

दुसरा निबंध: बर्टो आणि ब्रूकनर, २००५

अलेन बर्टो आणि यान ब्रूकनर यांनी उंचीवरील निर्बंधांचं विश्लेषण केलं आणि उदाहरण घेतलं बंगळुरूचं, म्हणून भारतीय विद्यार्थी तो निबंध आवर्जून वापरतात. युक्तिवाद असा: चटई निर्देशांकाला कमी मर्यादा घातली की शहर वर जाण्याऐवजी बाहेर पसरतं, कडेला राहणाऱ्याचा प्रवास लांबतो, घरं महाग होतात. प्रवासाच्या वाढलेल्या खर्चातून नियमाची एकूण किंमत मोजता येते. ‘हा नियम फुकट नाही, त्याची किंमत सगळं शहर भरतं’ हे इतक्या कमी डेटात दाखवणं हे मोठंच काम आहे.

पण या मॉडेलमध्ये मर्यादा म्हणजे शहरभर पसरलेलं एक सपाट छत. नाशिकमध्ये छत नाही, जिना आहे. सध्याच्या नियमावलीत दाट गावठाण सोडून उरलेल्या भागात मूळ निर्देशांक १.१० आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिथेच थांबा. ९ ते १२ मीटरवर प्रीमियम भरून आणि टीडीआर घेऊन २.०० पर्यंत जाता येतं आणि ३० मीटरपुढे ३.०० पर्यंत. अनुषंगिक क्षेत्र याशिवाय. म्हणजे एकाच पिवळ्या पट्ट्यात, एकाच कॉलनीत, गल्लीतल्या प्लॉटला एक भविष्य आणि कोपऱ्यावरच्या प्लॉटला दुसरं. विकणाऱ्याचं नशीब रंगापेक्षा टेपने मोजलं जातं.

शिवाय वरच्या पायऱ्या विकत घ्याव्या लागतात, आणि कोणाकडून? टीडीआर तयार होतो तो आरक्षणाखाली जमीन देणाऱ्या मालकाच्या हातात. महापालिका त्याला रोख मोबदला देण्याऐवजी दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क देते. तो हक्क तो बिल्डरला विकतो. म्हणून रस्त्याच्या रुंदीची अट फक्त गल्लीतल्या प्लॉटवाल्याला लागत नाही. ज्या गल्ल्यांत टीडीआर बसत नाही तितकी टीडीआरची गिऱ्हाइकं कमी होतात, आणि शहराच्या कडेला शाळेसाठी जमीन देणाऱ्या शेतकऱ्याच्या कागदाचा भाव घसरतो. कॉलेज रोडच्या आसपासची गल्ली आणि आडगावचं शेत एका धाग्याने बांधलेलं आहे. ‘एक छत’ मानणाऱ्या मॉडेलमध्ये हा धागाच नाही.

त्यात आणखी एक गाठ आहे. टीडीआर कुठे किती वापरता येईल हे सूत्राने ठरतं: जिथे तो निर्माण झाला त्या जमिनीचा रेकनर दर भागिले जिथे वापरायचा त्या जमिनीचा रेकनर दर, गुणिले क्षेत्र. समजा आरक्षित जमिनीचा दर चौरस मीटरला ५,००० रुपये आणि वापरायच्या प्लॉटचा २०,००० रुपये. १०० चौरस मीटरचा टीडीआर तिथे २५ चौरस मीटर होतो. म्हणजे पुन्हा तोच तक्ता, ज्यात झोन आधीच शिरलेला आहे. हिरव्या पट्ट्यातल्या आरक्षित जमिनीचा मालक झोनमुळे कमी दरात धरला जातो आणि त्या कमी दरामुळे त्याचा हक्कही दुसरीकडे कमी भरतो. एकाच कारणाचा फटका दोनदा.

वेळेचा रकाना

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. न विकल्या गेलेल्या जमिनी.

कायद्याचं कलम १२७ असं सांगतं: अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठीची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. हे २४ महिने २०१५ च्या दुरुस्तीने आले, मूळ कायद्यात सहाच महिने होते. ‘पावलं’ म्हणजे काय यावर गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं की नुसता प्रस्ताव पुढे पाठवणं पुरेसं नाही.

नाशिकला हे लावून बघा. आराखडा २०१७ चा, म्हणजे पहिल्या नोटिसा २०२७ मध्ये आणि त्यांचा निकाल २०२९ च्या सुमारास. म्हणजे सिंहस्थाच्या तयारीत महापालिकेची तिजोरी आणि माणसं गुंतलेली असतानाच हे घड्याळ वाजणार आहे. पण खरी बोच वेगळी आहे. १९९३ च्या आराखड्यात एखाद्या जमिनीवर आरक्षण होतं, मालकाला नोटिशीचं कलम माहीत नव्हतं, त्याने काही केलं नाही आणि २०१७ च्या आराखड्यात तेच आरक्षण पुन्हा आलं, तर? प्रफुल्ल दवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुधारित आराखडा येण्याआधी नोटीस दिलेली नसेल तर जुन्या मुदतीचा हक्क सांगता येत नाही, घड्याळ नव्याने सुरू होतं. दोन सख्ख्या शेजाऱ्यांपैकी ज्याला चांगला वकील भेटला त्याची जमीन मोकळी होऊ शकते आणि दुसऱ्याची आणखी दहा वर्षं अडकते. झोन तोच, आरक्षण तेच, फरक एका पत्राचा.

अशा जमिनीची किंमत काय? विकायला बंदी नाही. पण गिऱ्हाईक झोन दाखला बघतो आणि परत जातो. मग मुलीचं लग्न निघतं, घरात आजारपण येतं, भावांत वाटणी होते. तेव्हा जो येतो तो जमीन घ्यायला येत नाही, थांबायला येतो. त्याच्याकडे पैसा आहे, वकील आहे, दहा वर्षं आहेत. तो आरक्षित भावाने घेतो आणि मोकळ्या भावाची वाट बघतो.

गोदाकाठी हेच वेगळ्या रूपात दिसतं. सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर नाशिकमध्ये पूररेषा हा शब्द घराघरात पोचला. निळी रेषा सुमारे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही, जुन्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकास अटींवरच. दोन्ही रेषांच्या मधे जोत्याची पातळी लाल रेषेहून वर हवी. नियम जीव वाचवण्यासाठी आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. प्रश्न एवढाच की जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्याच्या मालकाला विकता येतं पण गिऱ्हाईक मिळत नाही, आणि आपल्या टेबलमध्ये तो वाडा नसतोच, कारण दस्तच झाला नाही.

तर माझं म्हणणं काय

झोनचा परिणाम किमतीवर होतो, यात वाद नाही. पण नाशिकमध्ये तो आधी तीन ठिकाणी होतो: कोण घेऊ शकतो, कोणाला काय माहीत आहे, आणि कोण किती थांबू शकतो. किंमत शेवटी येते, आणि येते तेव्हा रेडी रेकनरचे कपडे घालून येते. म्हणून फक्त किमतीवर उभा असलेला अभ्यास ज्यांना सर्वांत जास्त फटका बसला त्यांनाच वगळतो. माझं गृहीतक असं आहे की झोन नियम ज्याला थांबता येत नाही त्याच्याकडून ज्याला थांबता येतं त्याच्याकडे मूल्य सरकवतात. हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. ते खोटंही ठरू शकतं.

माझ्या टीकेलाही एक उत्तर आहे आणि ते सांगणं भाग आहे. रोझेन यांनी बाजार असा असतो असं म्हटलेलं नाही. बाजार असा असेल तर काय वाचता येईल, हे त्यांनी सांगितलं. बर्टो आणि ब्रूकनर यांनाही छताचा जिना करता आला असता, त्यांना एक ठळक गोष्ट दाखवायची होती. दोष निबंधांचा कमी आणि पद्धत उचलून अटी तिथेच ठेवून येणाऱ्या आपल्यासारख्यांचा जास्त. आणि किंमत सोडून ‘प्रतीक्षा’ मोजायला निघालं की डेटा विरळ होतो, हाही प्रश्न आहेच.

याशिवाय एक पुस्तक वाचाच: साई बालकृष्णन यांचं ‘शेअरहोल्डर सिटीज’, २०१९ चं. मगरपट्ट्यासारखी महाराष्ट्रातली उदाहरणं घेऊन ते दाखवतं की शेतीचा रंग बदलण्यामागे शेतकरी समाजाची संघटना, जात आणि सहकारातली ताकद काम करते. म्हणजे झोन आकाशातून पडत नाही. हेडॉनिक टेबलमध्ये आपण त्याला ‘दिलेला’ मानतो, तेव्हा हे सगळं राजकारण पुसलं जातं. नाशिकमध्येही मखमलाबाद-हनुमानवाडी शिवारात स्मार्ट सिटीखाली नगररचना परियोजना करायचं ठरलं तेव्हा शेतकऱ्यांतच समर्थक आणि विरोधक असे दोन गट पडले. तिथल्या जमिनीची ‘झोनची किंमत’ कोणत्या तारखेची धरणार? परियोजना जाहीर होण्याआधीची, चर्चा सुरू असतानाची की नंतरची?

आराखड्यात काय लिहाल

शेवटी कामाचं. तुम्ही या विषयावर आराखडा लिहीत असाल तर प्रश्न थोडा वळवून बघा. ‘झोनमुळे किंमत किती बदलते’ याऐवजी ‘अमुक झोन किंवा आरक्षणातल्या जमिनीचा व्यवहार व्हायला किती काळ लागतो आणि तो कोणामध्ये होतो’ असा. मग किमान चार गोष्टी लागतील. एक, नकाशावरच्या सगळ्या गटांची यादी, फक्त विकलेल्यांची नव्हे. दोन, इंडेक्स टू मधले मोबदला आणि बाजारभाव हे दोन्ही आकडे. तीन, कलम १२७ च्या नोटिसांची माहिती, जी माहिती अधिकारात मागता येते. चार, फ्लॅटचा विषय असेल तर महारेरावरची प्रकल्पाची नोंद आणि पूर्णत्वाच्या दाखल्याची तारीख.

आणि पाचवी गोष्ट, जी डेटात येत नाही. कधीतरी एक सकाळ नगररचना विभागाच्या खिडकीजवळ थांबा. झोन दाखल्याचा कागद हातात घेऊन माणूस आधी कुठली ओळ वाचतो ते बघा. मी पाहिलेल्यांपैकी जवळजवळ सगळे आधी आरक्षणाची ओळ शोधतात, रंग नंतर बघतात. माझ्या टेबलमध्ये ‘झोन’ पहिला रकाना होता आणि ‘आरक्षण’ नव्हताच.

पुढच्या पोस्टमध्ये आराखड्याचा नकाशा आणि गट नंबर एकमेकांना कसे जोडायचे ते लिहितो. तोवर तुमच्या आराखड्यातलं ते एक वाक्य पुन्हा वाचा आणि त्यात कोण नाही ते शोधा.